घरगुती सौरवीज: बचत नेमकी कुठे होते

गच्चीवरची सौर यंत्रणा वीज तयार करते उन्हातून, पण तिचे पैसे वसूल होतात वीजबिलातून. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि यंत्रणा घेताना त्यांची सर्रास गल्लत होते. एक किलोवॅट क्षमतेची पॅनेल महाराष्ट्रात वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० युनिट वीज देतात. मराठवाडा, सोलापूरकडे थोडी जास्त, कोकणात थोडी कमी. उन्हामुळे पडणारा फरक एवढाच. त्याच युनिटांचे रुपये किती होतात, यात मात्र एकाच गल्लीतल्या दोन घरांमध्ये अडीचपटीचे अंतर पडू शकते. घरगुती विजेला एक दर नसतो. वापर वाढेल तसा तो टप्प्याटप्प्याने चढतो. त्यामुळे यंत्रणा घ्यावी का, आणि घ्यायची तर किती मोठी, हे ठरवायला गच्ची मोजण्याआधी बिल वाचावे लागते.

महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० या टप्प्याला ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० या टप्प्याला १५ रुपये ७२ पैसे असा दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, आणि वेळोवेळी लागणारा इंधन समायोजन आकार वेगळा. हे आकडे बदलत राहतात, चढण मात्र कायम असते: शंभरी ओलांडली की दर जवळपास दुप्पट होतो. नेट मीटरिंगमध्ये गच्चीवर तयार झालेले युनिट महिन्याच्या एकूण वापरातून वजा होतात आणि उरलेल्या वापराचे बिल येते. म्हणजे वजाबाकी सर्वांत महागड्या टप्प्यापासून सुरू होते आणि स्वस्त टप्प्यापर्यंत शेवटी पोचते.

महिन्याला सरासरी ३५० युनिट वापरणारे घर घेतले, एक एसी, फ्रिज, गिझर आणि पाण्याची मोटर असलेले, तर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. एका किलोवॅटपासून महिन्याला सरासरी ११० युनिट मिळतात असे धरू. पहिल्या किलोवॅटमुळे सर्वांत महाग ५० युनिट आणि मधल्या टप्प्यातले ६० युनिट वाचतात. वरील दराने, वीज शुल्क धरून, महिन्याची बचत सुमारे १,७०० रुपये. दुसऱ्या किलोवॅटचे सगळेच्या सगळे युनिट मधल्या टप्प्यातले, बचत १,४६० च्या आसपास. तिसऱ्याच्या वाट्याला मधल्या टप्प्यातले जेमतेम ३० युनिट येतात, बाकीचे ८० स्वस्त टप्प्यातले. बचत साडेनऊशेच्या आत. चौथा किलोवॅट बसवलाच, तर वजा करायला २० युनिट उरलेले असतात. त्यांचे झाले १३६ रुपये. बाकीचे ९० युनिट ग्राहकाच्या खात्यात नुसते जमा राहतात. पॅनेल तीच, ऊन तेच. तरी तिसरा किलोवॅट पहिल्याच्या निम्म्याहून थोडा अधिक कमावतो आणि चौथा जवळजवळ शोभेचा ठरतो.

केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’तले अनुदानही असेच उतरते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आणि एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवणाऱ्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपयांवर अनुदान थांबते. तीन किलोवॅटच्या यंत्रणेला बाजारात साधारण १ लाख ८० हजार ते २ लाख १० हजार रुपये पडतात. अनुदान वजा जाता घरमालकाच्या खिशातून एक लाख ते एक लाख तीस हजारांच्या आसपास जातात. वरच्या उदाहरणातले घर वर्षाला ४९,००० रुपयांच्या आसपास वाचवते. धूळ, सावली, वीज गेल्यामुळे फुकट गेलेले दुपारचे तास हे सगळे धरले तरी तीन वर्षांत रक्कम सुटते. ‘तीन वर्षांत पैसे वसूल’ ही जाहिरात अशा घरापुरती खरीच आहे. ती सर्वांना सारखीच ऐकवली जाते, ही खरी अडचण.

महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घराला हाच माल कसा पडतो? सगळा वापर पहिल्या टप्प्यात, त्यामुळे एक किलोवॅटने संपूर्ण वापर भरून काढला तरी शुल्कासह बचत सहाशेच्या थोडी वर. साठ-सत्तर हजारांतून ३०,००० चे अनुदान वजा केले तर उरलेली रक्कम सुटायला चार ते साडेपाच वर्षे लागतात, आणि अशा घराला ती एकरकमी काढणेच कठीण असते. म्हणजे ज्याचे बिल मोठे त्याला सौरवीज लवकर परवडते, ज्याचे लहान त्याला उशिरा. राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी एका किलोवॅटची वेगळी योजना मंजूर केली ती यामुळेच. तिच्यात ५०,००० रुपयांच्या यंत्रणेसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्य भर घालते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५०० रुपये मिळून त्याचा स्वतःचा वाटा २,५०० वर येतो. ही उधळपट्टी वाटण्याजोगी असली तरी तिच्यामागे धंद्याचा हिशेबही आहे. पहिल्या टप्प्याचा दर वीज पुरवण्याच्या सरासरी खर्चाहून कमी असतो, आणि ही तूट वरच्या टप्प्यांतल्या आणि उद्योग-व्यापारातल्या ग्राहकांच्या दरातून भरली जाते. लहान ग्राहक स्वतःची वीज करू लागला तर वितरण कंपनीचा तोटा हलका होतो. मोठा घरगुती ग्राहक तेच करू लागला तर तिचे नफ्याचे गिऱ्हाईक जाते.

गोव्याचे उदाहरण याच मुद्द्यावर प्रकाश टाकते. पणजीतले ऊन रत्नागिरीतल्या उन्हाहून फारसे वेगळे नाही, पण गोव्यातले घरगुती दर महाराष्ट्राच्या तुलनेत फारच कमी आहेत. त्यामुळे तीच तीन किलोवॅटची यंत्रणा तिथे बऱ्याच उशिरा फिटते. सीमेच्या अलीकडे-पलीकडे बदलते ते दरपत्रक.

क्षमता ठरवताना म्हणून गेल्या बारा महिन्यांच्या वापराची सरासरी घ्यायची, एका महिन्याच्या बिलावर जायचे नाही. मे महिन्याचे बिल पाहून यंत्रणा घेणारा गरजेपेक्षा मोठी घेतो. वर्षभरात तयार होणारी वीज वर्षभराच्या वापराच्या किंचित खाली राहील, इतपतच आकार ठेवणे शहाणपणाचे. पहिल्या स्वस्त टप्प्यातले वीस-तीस युनिट ग्रिडकडून विकत घ्यावे लागले तर काही बिघडत नाही. एसी किंवा विजेवरची गाडी येत्या वर्षभरात घ्यायची असेल तर मात्र तेवढी वाढ आधीच धरावी, कारण नंतर वाढवलेल्या किलोवॅटला जुन्या इन्व्हर्टरची क्षमता पुरेलच असे नाही.

आता कोटेशन. त्यात पॅनेल, इन्व्हर्टर, पॅनेल ज्यावर बसतात तो सांगाडा, केबल आणि सुरक्षेचे डबे, अर्थिंगचे खड्डे, तडितरोधक, मजुरी आणि मीटरची कामे असतात. सध्या चालणारे एक पॅनेल ५४० ते ५५० वॅटचे, जवळजवळ सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरहून थोडे कमी रुंद आणि २७-२८ किलो वजनाचे असते. सहा पॅनेल म्हणजे तीन किलोवॅटहून थोडे जास्त. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. अनुदान हवे असेल तर पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात यांना डीसीआर पॅनेल म्हणतात. ती आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग पडतात, म्हणून दोन कोटेशनांची तुलना करताना दोन्हींत डीसीआर आहे ना, हे आधी पाहावे. काही विक्रेते अनुदान वजा करून किंमत सांगतात, काही न करता. प्रत्यक्षात पूर्ण रक्कम आधी विक्रेत्याला द्यावी लागते आणि अनुदान मागाहून ग्राहकाच्या बँक खात्यात येते. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचे जुने कोटेशन पुढे करून कोणी भाव सांगत असेल तर ते लक्षात आणून द्यावे.

सांगाड्यावर लोक सर्वांत कमी विचार करतात, आणि पुढे त्याचाच त्रास जास्त होतो. गच्चीला लागून बसवलेला सांगाडा स्वस्त, पण मग गच्ची वाळवणाला, कपड्यांना, उन्हाळ्यात झोपायला उरत नाही. माणूस खालून चालू शकेल इतका उंच सांगाडा जागा मोकळी ठेवतो, मात्र लोखंड जास्त लागते आणि वाऱ्याचा जोरही जास्त बसतो. कोकण किनाऱ्यावर खारी हवा साध्या रंगवलेल्या लोखंडाला दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकते. तिथे जस्ताचा जाड थर दिलेला सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट यांचा आग्रह धरायलाच हवा. स्लॅबला भोके पाडून बोल्ट मारले तर गळती सुरू होते, म्हणून सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करण्याची पद्धत बरी. जुन्या पत्र्याच्या किंवा कौलारू घरात पॅनेलच्या भावाआधी वासे हे वजन आणि वारा पेलतील का, हे तपासावे.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, स्थळाच्या अक्षांशाच्या जवळपास कलात बसवतात; पुण्याला हा कल साडेअठरा अंशांच्या आसपास, नागपूरला एकवीस. दोन-चार अंशांच्या फरकाने फारसे नुकसान होत नाही. सावलीने मात्र होते. पॅनेल एकमेकांना साखळीने जोडलेली असतात. शेजारच्या इमारतीची, पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली एका पॅनेलवर पडली तरी तिचा फटका सगळ्या साखळीला बसू शकतो. पॅनेलमधल्या डायोडमुळे तो कमी होतो, संपत नाही. म्हणून जागा पाहायला आलेल्या माणसाने सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत सावली कुठे सरकते, तीही डिसेंबरातल्या खाली उतरलेल्या सूर्याची, हे विचारले नाही तर त्याला कामाची नीट माहिती नाही असे समजायला हरकत नाही.

कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, हा समज अर्धवट खरा आहे. पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेले असतात, आणि त्याच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटते. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले तर त्याच क्षणी क्षमता १४ टक्क्यांनी उतरलेली असते. गच्ची आणि पॅनेल यांच्यात हवा खेळायला जागा ठेवतात ती याचसाठी. पावसाळ्यातली घट याहून मोठी. जुलै-ऑगस्टात कोकणात उत्पादन उन्हाळ्याच्या निम्म्यावर येऊ शकते. वर्षाची सरासरी सांगताना हे सगळे धरलेले असते, म्हणून पहिल्या पावसाळ्यात आकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. धुळीचे मात्र घरमालकाच्याच हाती असते. पॅनेलच्या खालच्या कडेला, चौकटीच्या ओठाशी, पाणी साचून सुकते आणि मातीची बोटभर रुंद पट्टी तयार होते. लांबून पॅनेल स्वच्छ दिसते, पण खालच्या ओळीतल्या सेलवर ही पट्टी सावलीसारखीच बसते. पहाटे किंवा संध्याकाळी, पॅनेल गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ती पुसावी. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

यंत्रणा चालू झाल्यावर बिलात ग्रिडकडून घेतलेले आणि ग्रिडला दिलेले असे दोन वेगळे आकडे दिसू लागतात. ‘दिलेले’ म्हणजे एकूण उत्पादन, असा गैरसमज इथे हमखास होतो. दुपारी पॅनेलनी केलेली वीज आधी घरातला फ्रिज आणि पंखे खातात. उरलेलीच मीटरमधून बाहेर जाते. एकूण उत्पादन इन्व्हर्टरवर किंवा त्याच्या ॲपवर पाहायचे. मासिक नेट मीटरिंगमध्ये वॉशिंग मशिन दुपारी लावले काय आणि रात्री लावले काय, बिलाला काही फरक पडत नाही, कारण दुपारी दिलेले युनिट रात्री एकास एक परत मिळतात. बिल शून्य मात्र सहसा होत नाही. स्थिर आकार प्रत्येक महिन्याला भरावाच लागतो.

जमा राहिलेले युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. ३१ मार्चला शिल्लक असलेले युनिट वितरण कंपनी राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. तो दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास धरला, तर वरच्या उदाहरणातला चौथा किलोवॅट फिटायला दहा वर्षांहून जास्त लागतात. त्यात वेळही वाईट साधते: फेब्रुवारी-मार्चात ऊन चढते, थंडी गेलेली आणि एसी अजून चालू न झालेला, अशा दिवसांत जमा केलेले युनिट एप्रिलच्या तोंडावर कवडीमोलाने निघून जातात. जरुरीपेक्षा मोठी यंत्रणा न घेण्याचे हे दुसरे कारण.

भारनियमनाला कंटाळून सौर यंत्रणा घेणाऱ्याची निराशा होते. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा गेला की भर दुपारीही स्वतःहून बंद पडतो. लाईन बंद आहे असे समजून खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या हाती घरातून उलटी वीज जाऊ नये, यासाठी ही सोय सक्तीची आहे. अंधारात दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि तिची किंमत बचतीच्या हिशेबात अजून तरी बसत नाही. ती सोयीची किंमत म्हणून वेगळी धरावी.

बँकेचे कर्ज घ्यायचे झाल्यास तीन किलोवॅटपर्यंत पीएम सूर्यघर योजनेत सहा-सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने मिळते. एक लाखाचे दहा वर्षांचे कर्ज सात टक्क्यांनी घेतले तर हप्ता ११६१ रुपयांचा पडतो. ३५० युनिटांच्या घराला बचत याच्या तिपटीहून जास्त, म्हणून कर्ज अंगावर येत नाही. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची वाट पाहावी लागत नाही. विक्रेता नोंदणीकृत असावा आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडून लेखी घ्यावी.

इतके झाल्यावर खर्चाच्या बाजूला उरतो इन्व्हर्टर. पॅनेलला पंचवीस वर्षांची उत्पादन-हमी असते आणि ती दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतात. इन्व्हर्टरची हमी सहसा पाच ते दहा वर्षांची. पंचवीस वर्षांत तो निदान एकदा बदलावा लागेल असे धरूनच चालावे.

जाहिरातीतला ‘पंचवीस वर्षांत लाखोंची बचत’ हा आकडा मात्र भक्कम नसतो. तो आजचा दर दरवर्षी ठराविक टक्क्यांनी वाढत जाईल आणि नेट मीटरिंगचा नियम तसाच राहील, या दोन गृहीतकांवर उभा असतो. दुसरे गृहीतक अधिक कच्चे आहे. दुपारी दिलेला युनिट रात्री एकास एक परत मिळतो, म्हणजे ग्रिड त्या घराची फुकटची बॅटरी होते. राज्यभर दुपारची सौरवीज वाढते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत १६,००० मेगावॅटचे लक्ष्य ठेवून उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळते. दुपारी तीन रुपयांना मिळणारा माल घेऊन त्याबदली रात्रीचा महाग युनिट द्यायचा, ही सूट किती काळ परवडणार, हा वितरण कंपनीचा प्रश्न चुकीचा नाही. राज्य वीज नियामक आयोगाने २०२० मध्ये छपरावरील क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत ग्रिड वापरल्याबद्दलचा ‘ग्रिड सपोर्ट आकार’ लावू नये असे ठरवले होते. त्यातच पुढची मर्यादा सूचित होती. २०२५ च्या दरनिश्चितीच्या वेळी दिवसाचे सौर युनिट रात्रीच्या वापरातून वजा करावेत की नाही, यावरून मोठ्या प्रमाणात हरकती आल्या. ग्राहक संघटनांचे म्हणणे असे की, लोकांनी सरकारी आवाहनावर विश्वास ठेवून पैसे घातले, आता खेळाच्या मध्यात नियम बदलू नयेत. ज्यांनी पैसे घातले त्यांच्यापुरते हे म्हणणे रास्त आहे. पुढे येणाऱ्यांना तीच सवलत कायम द्यावी, असे मात्र त्यातून निघत नाही. वरच्या टप्प्यातली सुखवस्तू घरे एकेक करून बिलातून बाहेर पडली, तर तारा, रोहित्रे आणि माणसे यांचा खर्च गच्ची नसलेल्यांच्या माथी येतो.

गच्ची नसलेले म्हणजे शहरातले बहुतेक फ्लॅटधारक. सोसायटीच्या गच्चीवर सर्वांचा हक्क, त्यामुळे एकाच्या बिलासाठी ती सहसा वापरता येत नाही. सोसायटीला मिळते ते लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी, प्रति किलोवॅट १८,००० रुपये दराने, घरामागे तीन किलोवॅट या हिशेबाने आणि एकूण ५०० किलोवॅटच्या मर्यादेत. विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगचाही त्यात समावेश आहे. लिफ्ट आणि पंपांचे बिल बारमाही असते आणि देखभाल शुल्कात सर्वांना पडते, म्हणून सोसायट्यांचा हा हिशेब बहुधा चांगला बसतो. तो अडतो सर्वसाधारण सभेत: टाकीशेजारची जागा कोणाची, गळती झाली तर वरच्या मजल्याला भरपाई कोण देणार, मोबाईल टॉवरचे भाडे सोडायचे का. याचे लेखी ठराव काम देण्याआधी झाले असतील तर पुढे कज्जे होत नाहीत.

स्वतंत्र घराच्या मालकाने या अनिश्चिततेचा हिशेब वसुलीच्या मुदतीत धरावा. तीन-चार वर्षांत फिटणारी यंत्रणा नियम बदलायच्या आत बहुतेक फिटून जाते. आठ-दहा वर्षांवर भिस्त ठेवणारी मोठी यंत्रणा धोक्यात राहते. दिवसा-रात्रीचा हिशेब वेगळा झालाच, तर आज ज्याला काही अर्थ नाही ते अर्थपूर्ण होईल: पाण्याची मोटर, वॉशिंग मशिन, गाडीचे चार्जिंग दुपारी अकरा ते तीनमध्ये उरकायचे, आणि संध्याकाळच्या चार-पाच तासांपुरती लहान बॅटरी ठेवायची. घरी दिवसभर माणसे असलेल्या कुटुंबाला हे जमते. नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या घराला तेवढेच युनिट साठवण्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतील.